वाचक विचारतात : पाणी चढतं, पण टिकतं का?

ह्या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं आणि मेसेज एकाच दुखण्याचे आहेत. कुणाची पिन मऊ पडली, कुणाचा शाफ्ट आतून कच्चा निघाला, कुणाच्या कोयत्याची धार बसली. हार्डनिंग करून, म्हणजे तापवून झटकन थंड करून पोलादाला पाणी देऊन आणलं तेव्हा सगळं बरोबर होतं, मीटरवर आकडा आला होता, मग वापरात तो आकडा गेला कुठे, असं सगळे विचारतायत. म्हणून इतर प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलून ह्या वेळी फक्त ह्याच विषयावर लिहितोय. माझी तीस वर्षं हीट ट्रीटमेंटच्या भट्टीसमोर गेली, त्यामुळे उत्तरं थोडी लांबतील, तेवढं सांभाळून घ्या.

प्रश्न : भोसरीला आमचं छोटं टूलरूम आहे. ॲल्युमिनियमच्या प्रेशर डाय कास्टिंग डायसाठी कोअर पिना (कास्टिंगमध्ये भोक ठेवणाऱ्या) आम्ही ईएन ३१ पोलादात केल्या. हार्डनिंगनंतर मी स्वतः मोजल्या, ६० एचआरसी (रॉकवेल कडकपणा, आकडा जास्त तेवढं पोलाद कडक) होत्या. चार-पाच हजार शॉटनंतर (शॉट म्हणजे डायमध्ये एकदा धातू मारणं) पिना वाकायला लागल्या, काढून मोजल्या तर ३८. स्टीलवाला म्हणतो एच १३ घ्या आणि ती ४६ लाच करा. सर, साठची टिकली नाही तिथे शेहेचाळीसची कशी टिकणार?

तुम्ही ६० मोजली ती थंड पिनेची. काम करताना त्या पिनेवर साडेसहाशे-सातशे डिग्रीचं पातळ ॲल्युमिनियम येऊन आदळतं, स्प्रे मारला की ती थंड होते, परत आदळतं. दर शॉटला तुमची पिन थोडी थोडी टेम्पर होतेय, म्हणजे परत तापून तिचा कडकपणा थोडा उतरतोय, असं समजा. तुम्ही भट्टीतून २०० डिग्रीचं टेम्परिंग करून आणलंत, पुढचं टेम्परिंग डाय करतेय, आणि ते ५०० च्या वरचं आहे.

आता आत काय होतं ते बघा म्हणजे ग्रेड निवडताना परत चूक होणार नाही. पोलाद लाल करून तेलात टाकलं की त्यात विरघळलेल्या कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो आत अडकून पडतो आणि लोखंडाच्या अणूंची मांडणी ताणून धरतो. ह्यालाच मार्टेन्साइट म्हणायचं आणि कडकपणा येतो तो ह्या ताणामुळे. पण अडकलेला कार्बन सुटायलाच बघत असतो. थोडी ऊब मिळाली की तो सरकतो, लोखंडाला धरून सिमेंटाइटचे कण तयार करतो, उष्णता वाढेल तसे हे कण फुगत जातात, ताण उतरतो आणि पोलाद मऊ पडतं. ईएन ३१ मध्ये १ टक्का कार्बन आणि दीड टक्क्याच्या आसपास क्रोमियम, बस. ही बेअरिंगची स्टील आहे. बेअरिंग कधी ५०० डिग्रीला चालत नाही, त्यामुळे तिला ह्या गोष्टीची तयारीच नाही. ६०० ला २ तास ठेवलीत तर ती चाळिशीच्या खाली येणारच, त्यात तुमच्या हीट ट्रीटमेंटवाल्याचा काही दोष नाही.

एच १३ मध्ये कार्बन फक्त ०.४ टक्के, पण ५ टक्के क्रोमियम, सव्वा टक्क्याच्या वर मॉलिब्डेनम आणि १ टक्का व्हॅनेडियम. खरी गंमत ह्या शेवटच्या दोघांची. मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम ह्यांना कार्बन लोखंडापेक्षा जास्त प्रिय, पण त्यांचे अणू कार्बनसारखे लोखंडाच्या अणूंमधल्या फटीतून सरकण्याएवढे लहान नाहीत, पोलादाच्या आत त्यांना सहज हलता येत नाही. ५०० डिग्रीच्या आसपास पोचेपर्यंत ते जागेवरून उठतच नाहीत. आणि एकदा उठले की कार्बनला पकडून अतिशय बारीक, नॅनोमीटरच्या मापातले कार्बाइड तयार करतात, सगळीकडे पेरल्यासारखे. म्हणजे जिथे साधं पोलाद मऊ पडत चाललेलं असतं नेमकं तिथेच ही स्टील नव्यानं कडक व्हायला लागते. ह्याला सेकंडरी हार्डनिंग म्हणतात. एच १३ ला १०२० ते १०३० डिग्रीवरून क्वेंच (झटकन थंड) केल्यावर ५२ ते ५४ मिळते, ६०० च्या जवळ दोनदा टेम्परिंग केलं तरी ती ४६ च्या आसपास उभी असते. तुमची ६० वाली पिन ह्याच ६०० ला तिच्या खाली गेलेली असते. म्हणजे तुमच्या कामाच्या तापमानाला एच १३ जास्त कडक आहे, टेबलावर ठेवल्यावर कमी.

ही गोष्ट शोधली कशी गेली तेही सांगतो, कारण तो प्रसंग मला फार आवडतो. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मशेटनं १८६८ मध्ये टंगस्टनवालं टूल स्टील आणलं, ते पाण्यात न टाकता हवेतच कडक व्हायचं. त्यानंतर तीस वर्षं सगळे कारागीर एकच नियम पाळत होते की टूल चेरी लाल रंगाच्या फार पुढे तापवायचं नाही, तापवलं की ते जळून फुकट जातं. अमेरिकेत बेथलहेम स्टीलमध्ये फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट ह्या दोघांनी १८९८ च्या पुढे पद्धतशीर प्रयोग केले, एकेक टूल वेगवेगळ्या तापमानाला, आणि तापवत तापवत ते वितळण्याच्या जवळ गेले. सगळ्यांच्या मते त्या तुकड्यांची वाट लागायला हवी होती, पण तेच तुकडे सगळ्यात भारी निघाले, कारण टंगस्टन-क्रोमियमचे कार्बाइड विरघळायला तेवढी उष्णता लागतेच, विरघळले नाहीत तर नंतर बारीक होऊन बाहेर यायचे कुठून? १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी लेथवर कटिंग करून दाखवलं, टूलचं टोक लाल झालेलं, चिप निळ्या होऊन उडतायत आणि टूल कापतंय. त्याच कुळातली एम २ हायस्पीड स्टील आज तुमच्या बऱ्याचशा ड्रिल बिटात आहे. एम २ टेम्पर करताना ३००-४०० ला थोडी खाली उतरते आणि ५४०-५५० ला परत ६४-६५ वर चढते, भट्टीवाल्यांना हा चढ रोज दिसतो.

तुमच्यासाठी एक हिशोब पण देतो. टेम्परिंगमध्ये तापमान आणि वेळ हे दोन्ही एकत्र मोजावे लागतात, हॉलोमन आणि जाफे ह्यांनी १९४५ मध्ये त्याचं सूत्र दिलं. त्या सूत्रानं बघितलं तर ६०० डिग्रीला २ तास आणि ५५० डिग्रीला साधारण ३४ तास हे पोलादाच्या दृष्टीनं एकच आहे. आता दर शॉटला पिनेचा पृष्ठभाग समजा ८ सेकंद ५५० ला राहतो, तर ३४ तास भरायला १५ हजाराच्या वर शॉट लागतील. ५०० ला राहत असेल तर कितीतरी जास्त. म्हणजे कुलिंग नीट केलंत आणि पन्नास डिग्री खाली आणलेत तर पिनेचं आयुष्य कित्येक पटीनं वाढतं, स्टील न बदलता. आधी कुलिंग लाइन उघडून बघा, पुण्याच्या पाण्यानं आत क्षार धरलेला असतो, आणि मग एच १३ घ्या, व्हॅक्यूम हार्डनिंग करा, कमीत कमी दोनदा टेम्परिंग करा आणि दोन्ही वेळचा चार्ट मागून घ्या.

प्रश्न : १०० मिमी व्यासाचा शाफ्ट ईएन ८ मध्ये केला, पार्टीला ४५ एचआरसी पाहिजे होती. हार्डनिंग करून वरून ४८ मिळाली, ग्राइंडिंगला ३ मिमी काढल्यावर ३० च्या खाली. मटेरियल बोगस आहे का? (वाळूज एमआयडीसी)

मटेरियल बोगस असेलच असं नाही, स्पेक्ट्रो (पोलादात काय काय किती आहे ते दाखवणारी टेस्ट) करून खात्री करून घ्या, पण १०० मिमीच्या ईएन ८ कडून ह्याच्या वेगळी अपेक्षा करता येत नाही.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. पोलाद किती कडक होणार हे ठरतं कार्बनवरून. ०.४ टक्के कार्बन असेल तर पूर्ण मार्टेन्साइट झाल्यावर ५५ ते ५७, मग त्यात निकेल घाला नाहीतर नका घालू. पण ते किती आतपर्यंत कडक होणार हे ठरतं मिश्रधातूंवरून. जाड दांडा तेलात टाकला की वरची कातडी झटकन थंड होते, पोटातली उष्णता बाहेर यायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात साध्या कार्बन स्टीलमधला कार्बन निवांत बाहेर पडून बसलेला असतो. मँगनीज, क्रोमियम, मॉलिब्डेनम, निकेल हे काय करतात तर त्याचं बाहेर पडणं लांबवतात, म्हणजे पोट हळू थंड झालं तरी चालतं.

हे डोळ्यानं बघायचं असेल तर जॉमिनी टेस्ट करून घ्या. २५ मिमी व्यासाची १०० मिमी लांब पट्टी तापवतात, उभी टांगतात आणि फक्त खालच्या तोंडावर पाण्याची धार सोडतात. थंड झाल्यावर बाजूनं कडकपणा मोजत वर जायचं. ईएन ८ ची पट्टी १० मिमीच्या आतच धपकन खाली येते. ईएन २४ ची, ज्यात दीड टक्का निकेल, सव्वा टक्क्याच्या आसपास क्रोमियम आणि पाव टक्का मॉलिब्डेनम असतं, ती बरीच वरपर्यंत पन्नाशीच्या आसपास जाते. तुमचा शाफ्ट ईएन २४ मध्ये करा. ईएन १९ पण बरीच माणसं वापरतात पण १०० मिमीला आणि ४५ एचआरसीला मी ती सुचवणार नाही. आणि पार्टीला खरंच आतपर्यंत ४५ पाहिजे का ते पण विचारा हो, बेअरिंग बसणाऱ्या जागेपुरती हवी असेल तर ईएन ८ ला ग्राइंडिंगचं माप धरून इंडक्शन हार्डनिंग (विजेच्या कॉइलनं फक्त वरचा थर तापवून) करून घ्या, निम्म्या खर्चात सुटाल.

प्रश्न : आमचा पिढीजात लोहारकामाचा धंदा आहे, ऊसतोडीचे कोयते आम्ही ट्रकच्या कमानपाट्यापासून बनवतो. वडिलांच्या हातचा कोयता सीझनभर जायचा. आता लोक ग्राइंडरवर धार लावतात आणि दोन दिवसात धार बसली म्हणून आमच्याकडे भांडायला येतात. पाणी कमी पडतंय का आमचं? (सांगली जिल्हा)

तुमचं पाणी कमी पडत नाहीये, ग्राइंडर ते उतरवतोय.

ग्राइंडर लावल्यावर धारेकडे जवळून बघा. आधी फिकट गवती पिवळा रंग येतो, म्हणजे २२० च्या आसपास. मग तपकिरी, मग जांभळा, ३०० च्या जवळ निळा. निळा संपून करडा झाला म्हणजे धार त्याच्याही पुढे गेली. धारेची जाडी कागदाएवढी, तिथली उष्णता जायला जागाच नसते, एका सेकंदात ती ४००-५०० ला पोचते आणि तुम्ही दिलेलं पाणी तिथल्या तिथे उतरतं. बाकी सगळा कोयता कडक, नेमकी शेवटची अर्धा मिमी मऊ. तुमच्या वडिलांच्या वेळी कोयता शेवटून, म्हणजे लोहाराकडून तापवून-ठोकून, आणायचे नाहीतर कानशीनं, दगडावर धार लावायचे, तिथे एवढी उष्णता होतच नव्हती. गिऱ्हाइकाला सांगा, ग्राइंडर मारायचाच असेल तर एकेक हात फिरवून पाण्यात बुडवायचा, बोटाला चटका बसला की थांबायचं, रंग दिसेपर्यंत जायचंच नाही. जिथे धार निळी-करडी झालीय तिथे कानशीनं मिलीमीटरभर काढून टाकली की खाली परत चांगलं पोलाद लागतं.

कमानपाट्याबद्दल दोन शब्द. ह्या पाट्याचं पोलाद बऱ्याच वेळा सिलिकॉन-मँगनीजचं असतं, ईएन ४५ म्हणतात, अर्धा टक्क्याच्या वर कार्बन आणि दीड ते दोन टक्के सिलिकॉन. सिलिकॉन एक फार महत्त्वाचं काम करतं, ते सिमेंटाइट तयार होऊ देत नाही, लांबवतं. त्यामुळे साधं पोलाद ३०० डिग्रीला जेवढं मऊ पडेल तेवढं हे पडत नाही. तुमच्या आजोबा-वडिलांनी कोयत्याला हा पाटा निवडला तो नुसता फुकट मिळतो म्हणून नाही, हे लक्षात ठेवा. ह्याच सिलिकॉनची गोष्ट खाली विमानाच्या पोलादात परत येणार आहे, तेवढं वाचाच.

पाणी देताना ह्याला पाण्यात बुडवू नका, तेलात द्या, पाण्यात तडा जायची भीती असते. आणि रंगाचा अंदाज संध्याकाळच्या अंधुक उजेडात बरोबर येतो, उन्हात फसवतो. लोहचुंबक जवळ ठेवा, तापलेल्या पात्याला चुंबक चिकटायचा थांबला की त्याच्या पुढे थोडंसं अजून तापवून तेलात. मग धार घासून चकचकीत करायची आणि पाठीकडून ऊब देऊन रंग धारेकडे पळू द्यायचा, तपकिरी-जांभळा आला की थांबवायचं.

प्रश्न : डी २ टूल स्टीलचा पंच, हार्डनिंगनंतर ६१. पीव्हीडी कोटिंग (व्हॅक्यूममध्ये चढवलेला पातळ कडक थर) करून आणला तर ५७ झाला आणि माप पण बदललं. कोटिंगवाला म्हणतो आमच्याकडे काही होत नाही.

त्याच्या भट्टीत ४५० डिग्री असते, आणि तुमचा पंच बहुतेक २०० ला टेम्पर केलेला होता. सोपा नियम : पुढे कुठल्याही प्रोसेसमध्ये जॉब जेवढा तापणार असेल त्याच्यापेक्षा जास्त तापमानाला तो आधी टेम्पर झालेला पाहिजे. डी २ ला त्यासाठी वेगळा रस्ता आहे, १०७० च्या जवळ हार्डनिंग आणि ५२० च्या आसपास दोन-तीन वेळा टेम्परिंग, मग ती ५८-६० ला स्थिर राहते आणि कोटिंगमध्ये हलत नाही. हीट ट्रीटमेंटला देतानाच चलनवर लिहा, "नंतर कोटिंग आहे". तुम्ही लिहिलं नाहीत तर तो नेहमीच्या रस्त्यानं करून देणार.

आणि टेम्परिंगचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो, अजून आठवलं की पोटात गोळा येतो. मी नवीन होतो तेव्हा, एका शनिवारी संध्याकाळी डी २ च्या एका डायचं हार्डनिंग केलं, बाहेर काढली, मोजली ६३, सगळे खूश, तेवढ्यात लाइट गेली. टेम्परिंगची भट्टी बंद. मी म्हटलं सोमवारी बघू. रात्री वॉचमनला शेडमधून टण्ण असा आवाज आला, त्याला वाटलं पत्रा पडला. सोमवारी बघतो तर डाय किल्लीच्या खाचेपासून थेट कडेपर्यंत उभी फाटलेली, फट एवढी बारीक की नख फिरवल्यावरच कळत होती. दीड महिन्याचं मशीनिंग त्या एका फटीत गेलं. क्वेंच केलेला जॉब हाताला सोसेल एवढा गरम असतानाच टेम्परिंगला गेला पाहिजे. त्याच रात्री. लाइट नसेल तर दुसऱ्याच्या भट्टीत न्या, रिक्षात घालून न्या, पण न्या.

प्रश्न : १२.९ ग्रेडचे बोल्ट झिंक प्लेटिंग करून बसवले, टाइट करताना काही झालं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी सहा बोल्टची डोकी खाली पडलेली. हार्डनेस तर बरोबर आहे. (नाशिक, सातपूर)

हायड्रोजन. प्लेटिंगच्या आधी बोल्ट ॲसिडमध्ये बुडवतात आणि नंतर प्लेटिंगच्या टाकीत, दोन्हीकडे हायड्रोजन पोलादात शिरतो. मऊ बोल्टला त्याचं काही वाटत नाही, पण चाळिशीच्या पुढे गेलेल्या कडक पोलादात तो ताण असलेल्या जागी, म्हणजे डोक्याच्या खालच्या कोपऱ्यात गोळा होतो आणि काही तासांनी बोल्ट काचेसारखा तुटतो. टाइट करताना तुटत नाही, नंतर तुटतो, हीच त्याची ओळख. प्लेटिंगनंतर ४ तासाच्या आत २०० डिग्रीला बेकिंग लागतं आणि एवढ्या कडक बोल्टला ते तास-दोन तासाचं नाही, रात्रभर किंवा त्याहून जास्त. पण मी तर म्हणेन १२.९ ला इलेक्ट्रोप्लेटिंग करूच नका, ॲसिडमध्ये न बुडवता झिंक फ्लेक कोटिंग करा, त्यात हा धोका नाही. आणि त्या लॉटमधले उरलेले बोल्ट, जे अजून तुटलेले नाहीत, ते आजच्या आज काढा. खाली माणसं काम करत असतील.

प्रश्न : मी पुण्यात मेटलर्जीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सर म्हणतात नवीन स्टील शोधण्यासारखं आता काही राहिलेलं नाही, सगळे ग्रेड झालेत. खरंच का? आणि नवीन हाय स्ट्रेंग्थ अलॉय स्टील बनवतात तरी कसं?

तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं. तुझ्या सरांबद्दल आदर ठेवून सांगतो, मला तसं वाटत नाही.

नुसतं कडक पोलाद बनवणं सोपं आहे, कार्बन वाढव, क्वेंच कर, झालं, पण ते काच झालेलं असतं. अवघड आहे ते तीन गोष्टी एकत्र मिळवणं : ताकद, चिवटपणा, आणि तापवल्यावर दोन्ही टिकणं. गेल्या सत्तर वर्षात ह्याला तीन-चार वेगवेगळी उत्तरं मिळाली आणि प्रत्येक उत्तरामागे एक वेगळी युक्ती आहे, ग्रेडचे नंबर पाठ करण्यापेक्षा त्या युक्त्या समजून घे.

पहिली युक्ती सिलिकॉनची. ईएन २४ ची अमेरिकन बहीण म्हणजे ४३४०. ती २५० ते ४०० डिग्रीमध्ये टेम्पर केली तर ठिसूळ होते, कारण त्या पट्ट्यात सिमेंटाइटच्या पातळ पापुद्र्या तयार होतात. मग तिच्यात १.६ टक्के सिलिकॉन आणि थोडं व्हॅनेडियम घातलं, सिमेंटाइट लांबलं, ठिसूळपणाचा पट्टा वर सरकला आणि ३०० डिग्रीला टेम्परिंग करून १९०० मेगापास्कलच्या वर ताकद घेता आली. हे ३००एम. विमानांच्या लँडिंग गिअरमध्ये वर्षानुवर्षं हेच पोलाद आहे. वरच्या कोयत्याच्या पाट्यात जे सिलिकॉन करतं तेच इथे करतं.

दुसरी युक्ती तर उलटीच, कार्बन काढूनच टाकायचा. अमेरिकेत इंटरनॅशनल निकेल कंपनीत १९६० च्या आसपास मॅरेजिंग स्टील झाली. १८ टक्के निकेल, ८-९ टक्के कोबाल्ट, ५ टक्क्याच्या आसपास मॉलिब्डेनम, थोडं टायटॅनियम आणि कार्बन ०.०३ टक्क्यांच्याही खाली. ८२० वरून हवेत थंड केली की मऊ मार्टेन्साइट मिळतं, ३० एचआरसीच्या आसपास, आरामात मशीनिंग कर, वेल्डिंग कर, आणि मग ४८० डिग्रीला ३ तास ठेव, निकेल-मॉलिब्डेनम आणि निकेल-टायटॅनियमचे बारीक कण बाहेर पडतात आणि ती पन्नाशीला पोचते, माप जवळजवळ हलत नाही. म्हणजे बाकीच्या पोलादाला टेम्परिंगमध्ये कडकपणा गमवावा लागतो, हिला तो तिथेच मिळतो. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्याचं २.८ मीटर व्यासाचं मोटर केसिंग ह्याच जातीच्या पोलादाचं असतं. पोलाद हैदराबादच्या मिधानी ह्या सरकारी कंपनीचं आणि ही केसिंग्ज बनवणाऱ्यांमध्ये आपल्या इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर आहे, जिथे सुरुवात साखर कारखान्यापासून झाली. जमलं तर एकदा बघून ये.

तिसरी युक्ती ह्या दोघींना जोडणारी. थोडाच कार्बन ठेवायचा, ०.२३ टक्के, त्याला भरपूर कोबाल्ट-निकेलची साथ द्यायची आणि ३ टक्के क्रोमियम, सव्वा टक्का मॉलिब्डेनमकडून ४८२ डिग्रीला इतके बारीक कार्बाइड काढून घ्यायचे की सिमेंटाइट शिल्लकच राहू नये. हे एअरमेट १००. ताकद ३००एम एवढीच पण चिवटपणा जवळजवळ दुप्पट. कोबाल्टमुळे महाग मात्र भरपूर.

ह्यानंतरचं सगळ्यात मनाला भिडणारं काम भारतीय वंशाच्या माणसाचं आहे. तेव्हा केंब्रिज विद्यापीठात असलेले हर्षद भदेशिया. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जास्त कार्बन आणि दीड टक्क्याच्या आसपास सिलिकॉनचं पोलाद २०० डिग्रीला, म्हणजे घरातल्या ओव्हनला जमेल एवढ्या तापमानाला, दहा-दहा दिवस ठेवलं. त्यात २० ते ४० नॅनोमीटर जाडीच्या बेनाइटच्या (मार्टेन्साइटसारखीच पोलादाची एक आतली रचना) पट्ट्या तयार झाल्या, कडकपणा ६०० विकर्सच्या (कडकपणाचं दुसरं माप) वर, ना क्वेंचिंग, ना महागडे धातू. आधी गणितानं काढलं की एवढ्या खाली बेनाइट होऊ शकतं, मग करून बघितलं. परत सिलिकॉनच बघ, त्याच्यामुळेच सिमेंटाइट अडून राहतं.

आता "बनवतात कसं". आधी ठरवायचं की कशासाठी, किती जाडी, किती तापमान, किती ताकद. मग कुठल्या कणानं कडकपणा द्यायचा ते निवडायचं. आज थर्मो-कॅल्कसारख्या सॉफ्टवेअरमध्ये रचना टाकली की कुठल्या तापमानाला कोणता कार्बाइड स्थिर आहे ते दिसतं, अमेरिकेत ग्रेग ओल्सन ह्यांच्या गटानं असंच आधी कॉम्प्युटरवर आखून फेरियम एस ५३ हे न गंजणारं लँडिंग गिअरचं पोलाद आणलं. पण कॉम्प्युटर शेवटचा शब्द नाही. मग काही किलोची हीट, म्हणजे एका वेळी वितळवलेला घाणा, व्हॅक्यूम इंडक्शनमध्ये वितळवायची, फोर्ज करायची, वेगवेगळ्या तापमानाला हार्डनिंग, वेगवेगळ्या तापमानाला टेम्परिंग, प्रत्येक तुकड्याचा कडकपणा आणि चार्पी, म्हणजे घाव घालून चिवटपणा मोजायची टेस्ट. त्यानंतर मोठी हीट, तिथे नवीनच दुखणी निघतात, पोटात मिश्रधातू एकीकडे गोळा होतात, सल्फर-फॉस्फरस थोडा जास्त राहिला तरी चिवटपणा जातो. म्हणून अशी पोलादं दोन-दोनदा व्हॅक्यूममध्ये वितळवतात. ह्यात वर्षं जातात.

आणि काय राहिलंय म्हणतोस तर हे राहिलंय : कोबाल्ट न घालता एअरमेट सारखा चिवटपणा. ६०० डिग्रीच्या पुढे टिकणारी डाय स्टील, कारण तिथे मॉलिब्डेनमचे कण फुगायला लागतात आणि एच १३ पण हात टेकते. ताकद वाढवली तरी हायड्रोजनला दाद न देणारा बोल्ट, सातपूरवाल्यांचं पत्र वर आहेच.

तू सुरुवात अशी कर. ईएन ३१ चे आणि एच १३ चे प्रत्येकी आठ तुकडे घे, कुठल्याही टूलरूममध्ये भंगारात मिळतील, पण स्पेक्ट्रो करून घे. कॉलेजच्या मफल फर्नेसमध्ये ईएन ३१ ला ८४० वरून तेलात क्वेंच कर आणि एच १३ ला १०२० वरून, हिला वरून कास्ट आयर्नच्या चिप्समध्ये पुरून तापव नाहीतर पृष्ठभागाचा कार्बन जळून जाईल आणि आकडे खोटे येतील. एकेक तुकडा तसाच ठेव, बाकीचे २०० पासून १०० च्या टप्प्यानं ६०० पर्यंत दोन-दोन तास टेम्पर कर, उरलेले दोन ५२० ला आणि ५५० ला. प्रत्येक तुकडा अर्धा मिमी घासून पाच ठिकाणी मोज आणि दोन्हींचा आलेख एकाच कागदावर काढ. दोन रेघा एकमेकींना कुठे छेदतात ते बघ आणि तो कागद मला पाठव, पुढच्या अंकात तुझ्या आलेखावरच भोसरीच्या पिनेचा विषय पुढे नेऊ.